कूटलेख

बुऱ्हाणपुरात कैदेत मेलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे शहजादा खुसरो. जहांगीरचा थोरला मुलगा. 1606 साली त्यानं बापाविरुद्ध बंड केलं, हरला आणि पकडला गेला. त्याच्या साथीदारांना लाहोरजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुळावर चढवलं आणि त्याला हत्तीवर बसवून त्या रांगांमधून नेलं. पुढे त्याला धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या, ताब्यात दिलं. खुर्रम म्हणजे नंतरचा शाहजहान. तो दख्खनच्या मोहिमेवर इथे मुक्कामाला होता. 1622च्या सुरुवातीला खुसरो इथेच मेला. खुर्रमनं वडिलांना कळवलं ते पोटशूळानं मेला म्हणून. लोक वेगळंच म्हणत राहिले, अजूनही म्हणतात. प्रेत इथून हललं, त्याची कबर आज अलाहाबादच्या खुसरो बागेत आहे. आमच्या गावात उरला तो फक्त पोटशूळ.

किल्ल्यावर पाहुण्यांना घेऊन गेलं की मुमताज इथे वारली, तिचं हमामखाना बघा, असं सगळे सांगतात. खुसरोचं नाव कुणी काढत नाही. मला मात्र तोच आठवतो, कारण त्यानं निदान राजद्रोह केला तरी होता. फौज जमवली, लाहोरला वेढा घातला, बापाचं तख्त मागितलं. त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी आमच्या जिल्ह्यात राजद्रोहाचा एक गुन्हा नोंदला गेला, आणि तो होता मोहदच्या गरीब माणसांवर.

मोहद हे शाहपूर ठाण्याच्या हद्दीतलं गाव. हा सगळा पट्टा केळीचा आणि कापसाचा. पलीकडे रावेर, मुक्ताईनगर, म्हणजे महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात हिंदी, सरकारी कागदावरही हिंदी, अशी आमची तऱ्हा. 18 जून 2017चा रविवार होता आणि रमजान चालू होता. लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानच्या 338 धावा झाल्या आणि आपण 158 धावांत गारद झालो. आमच्याही घरात त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मोहदमध्ये सामना संपल्यावर पाकिस्तानच्या नावानं घोषणा झाल्या, फटाके फुटले, मिठाई वाटली, म्हणून 15 मुसलमान पुरुषांना अटक. कलम 124 अ, राजद्रोह, आणि सोबत कटाचं कलम. पुढे खटल्यात आरोपी 17 झाले आणि शिवाय दोन अल्पवयीन मुलं. फिर्यादी त्याच गावचा एक हिंदू तरुण, टीव्हीच्या छत्र्या बसवणारा.

आता बघा, इथपर्यंत सगळं चोख होतं. गुन्हा, आरोपी, आणि फिर्यादी तोही दुसऱ्या धर्माचा, म्हणजे गावातलं कुणीतरी देशासाठी पुढे आलं असं चित्र. पण दोन-तीन दिवसांत हा फिर्यादीच वर्तमानपत्रांपुढे आला आणि म्हणाला, मी फिर्याद दिलेलीच नाही. गावात घोषणा झाल्या नाहीत, फटाके फुटले नाहीत. शेजारच्या मुलाला पोलिसांनी नेलं म्हणून मी त्याच्यासाठी रदबदली करायला ठाण्यात गेलो, तर मलाच फिर्यादी करून टाकलं. शंभर नंबरला माझ्या मोबाइलवरून फोन गेला खरा, पण तो मी केलेला नाही. पोलिसांनी हे नाकारलं. त्यांचं म्हणणं, त्यानंच तक्रार केली आणि आता दबावाखाली फिरला.

मी या एका माणसाचा विचार फार करते. त्याला गप्प बसणं किती सोपं होतं! आरोपी आपले नाहीत, पोलीस खूश, चार लोक पाठ थोपटणारे. बोललं तर ठाण्याशी वैर, आणि त्याच गावात राहून पोट भरायचं. तो बोलला. शेजाऱ्याला सोडवायला निघालेल्या माणसाच्या नावानं शेजाऱ्याला अडकवलं गेलं, हे त्याला सोसलं नसावं.

राजद्रोहाचं कलम काही दिवसांतच गळालं. टिकणारच नव्हतं. हे कलम आम्हा मराठी माणसांच्या चांगल्या ओळखीचं आहे. 1870 साली इंग्रजांनी ते दंडसंहितेत घातलं, आणि टिळकांना त्याच कलमाखाली 1897 साली दीड वर्षाची आणि 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर केसरीत आलेल्या लेखांवरून दुसरा खटला झाला. आपण शाळेत शिकतो ते मंडालेचं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लेख मराठीत होते आणि ज्युरीपुढे ठेवले होते ते सरकारी इंग्रजी भाषांतर. नऊ ज्युरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळक दिवसेंदिवस शब्द घेऊन बसले, की या शब्दाचा हा अर्थ होत नाही, मी हे म्हटलेलं नाही. सात विरुद्ध दोन असा कौल गेला. माणूस समोर उभा राहून सांगतोय की हे माझे शब्द नव्हेत, आणि शिक्षा मात्र कागदावरच्या शब्दांना होते आहे.

स्वातंत्र्यानंतर कलम राहिलं, पण सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात त्याला वेसण घातली: हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच राजद्रोह. 1995 साली बलवंत सिंह खटल्यात तर इंदिराजींच्या हत्येच्या दिवशी खलिस्तानच्या घोषणा दिल्याचा आरोप होता. दोन माणसांनी एक-दोनदा दिलेल्या, कुणाला न भडकावणाऱ्या घोषणांनी राजद्रोह होत नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे मोहदमध्ये घोषणा झाल्या असत्या तरी हे कलम लागणं अवघड होतं. मग 153 अ लावलं, धर्माच्या नावावर गटागटांत वैर वाढवण्याचं. आरोपी जामिनावर सुटले आणि खटला सुरू झाला.

खटला म्हणजे काय, हे पेपर वाचून कळत नाही. आमच्याकडे तारखेला पेशी म्हणतात. पेशी म्हणजे सकाळी लवकर उठून भाकऱ्या बांधणं, गावातून जीप धरणं, बुऱ्हाणपूरच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणं, नावाचा पुकारा झाला की हात जोडून उभं राहणं आणि पुढची पेशी घेऊन परत येणं. त्या दिवसाचा रोज बुडतो. घरात मिळवता एकच असेल तर त्या दिवशी चूल कशी पेटते ते बाईला विचारावं. अटकेनंतरच्या दिवसांत तर मारहाण झाली, पाकिस्तानी म्हणून शिव्या दिल्या, असं सुटून आलेल्यांनी सांगितलं. ते अंगावरचं होतं, ते भरलं असेल. पण सोयरीक जुळवताना मुलीच्या बापावर देशद्रोहाची केस आहे हे कसं सांगायचं? दुकानदार उधारी देताना आधी तोंडाकडे बघतो, त्याचं काय? या गोष्टी निकालपत्रात येत नाहीत. येण्याची सोयच नाही.

2019 साली त्यांतल्या एकानं जीव दिला. लेकराबाळांचा माणूस. अपमान त्याला पेलला नाही, असं घरच्यांनी सांगितलं. निर्दोष सुटण्याच्या चार वर्षं आधी तो गेला.

ऑक्टोबर 2023मध्ये बुऱ्हाणपूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला. घोषणा दिल्याचा किंवा फटाके फोडल्याचा पुरावा नाही, सगळे निर्दोष. फिर्यादी आपल्या म्हणण्यावर कायम राहिला होता. साक्षीला आलेल्या गावकऱ्यांनीही पोलिसांच्या कागदातलं काही आपण पाहिलं नाही असंच सांगितलं. सहा वर्षं आणि चार महिने लागले.

इथे एका शब्दापाशी मी अडते. सरकारी पक्षाचा साक्षीदार कोर्टात पोलिसांच्या कागदाप्रमाणे बोलला नाही तर त्याला मराठीत फितूर म्हणतात. आमच्या कोर्टाच्या हिंदीत तर पक्षद्रोही. म्हणजे राजद्रोहाच्या खटल्यात खरं बोलणाऱ्यावर आणखी एक द्रोह! शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा तो फितूर, असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि जे बघितलं नाही ते बघितलं म्हणत नाही तोही फितूरच. पैसे खाऊन, धमक्यांना भिऊन उलटणारे साक्षीदार असतात, नाही कोण म्हणतं? त्यांच्यामुळे कितीतरी बायकांचे खटले पडले आहेत. पण शब्द दोघांना एकच आहे.

आणि हा कागद तयार कसा होतो? पोलीस तपासात साक्षीदाराचं म्हणणं लिहून घेतात, पण त्यावर त्याची सही घेत नाहीत. कायद्यातच तसं आहे, आणि हेतू चांगला आहे, की पोलिसांनी सही घेऊन माणसाला बांधून ठेवू नये. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की पोलिसांनी काय लिहिलं हे त्या साक्षीदाराला पुष्कळदा वर्षांनी, साक्षीच्या पिंजऱ्यात, पहिल्यांदा कळतं. वाचून दाखवतात, "तुम्ही असं असं सांगितलं होतं ना?" मोहदचा फिर्यादी निदान दोन दिवसांत सावध झाला.

दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात श्रावकाच्या सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे व्रताला लागणारे डाग. त्यांतला एक आहे कूटलेखक्रिया. पंडितजी दर वर्षी त्याचा अर्थ खोटे दस्तऐवज, खोट्या वह्या असा सांगतात आणि समोरचे व्यापारी मान खाली घालतात. जीएसटी आल्यापासून जरा जास्तच. पण पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत केलेली व्याख्या मी मुद्दाम काढून पाहिली. ती वह्यांपेक्षा बरीच पुढे जाते. एखाद्यानं जे म्हटलं नाही, जे केलं नाही, ते त्यानं म्हटलं, त्यानं केलं असं, कुणाच्या तरी सांगण्यावरून, फसवण्यासाठी लिहून ठेवणं म्हणजे कूटलेख. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका दिगंबर साधूला ठाण्यातला मुन्शी माहीत असायचं कारण नाही. तरी त्यानं ते 'कुणाच्या तरी सांगण्यावरून' घातलंच. लिहिणारा आणि लिहवून घेणारा वेगळे असतात, हे त्याला ठाऊक होतं.

खोट्या आरोपाची गोष्ट आमच्याच माणसानं लिहून ठेवली आहे. बनारसीदास हा जौनपूर-आग्र्याकडचा श्रीमाळ जैन व्यापारी. त्यानं 1641 साली अर्धकथानक नावाचं आत्मचरित्र लिहिलं. हिंदीतलं ते पहिलं, असं अभ्यासक मानतात. त्यात एक प्रसंग आहे. आग्र्याच्या वाटेवर त्यांचा तांडा एका गावी सरायमध्ये उतरला. सोबतच्या ब्राह्मणांपैकी एक जण रुपया मोडायला बाजारात गेला. सराफ म्हणाला, नाणं खोटं आहे. वादावादी, हाणामारी. सराफाकडचा माणूस कोतवालाकडे गेला आणि सांगितलं की हे सगळे ठग आहेत, खोटी नाणी चालवतात. कोतवाल रात्री आला, चार प्रश्न विचारले आणि त्याची खात्री पटली. सकाळी 19 सूळ आणले गेले, माणसं मोजून.

वाचवलं कशानं? नाण्यांच्या पारखीनं नव्हे. रात्री तांड्यातल्या एकाला आठवलं, की शेजारच्याच गावात आपल्या भावाची सासुरवाडी आहे. तिथून माणूस आला आणि म्हणाला, हे चोर नव्हेत, मी यांना ओळखतो. झालं. कोतवालानं माफी मागितली. सराफ तोवर पळून गेला होता. म्हणजे अठराव्या शतकाच्याही आधी, न वकील न अपील, आणि 19 माणसं वाचली ती एका सोयऱ्यामुळे. भावाचं लग्न दुसरीकडे झालं असतं तर? बनारसीदास फार हसऱ्या तऱ्हेनं लिहितो, पण हा प्रश्न त्याच्याही मनात आला असेल.

ओळखीचा माणूस पुढे आला आणि त्याचं ऐकलं गेलं नाही, अशी गोष्ट आमच्या शेजारची आहे, मालेगावची. बुऱ्हाणपूर आणि मालेगाव ही दोन्ही यंत्रमागांची गावं. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची दोन्हीकडे दाट वस्ती. तिथला खडखडाट तोच, इथला खडखडाट तोच. आमच्या घरी कापडाचा धंदा, त्यामुळे मालेगावचं नाव रोजच्या बोलण्यातलं.

8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. बडा कब्रस्तानला लागून असलेल्या हमीदिया मशिदीत दुपारची नमाज संपली आणि स्फोट झाले. मुशावरत चौकातही झाला. सायकलींवर बाँब ठेवलेले होते. 31 जण मेले, तीनशेहून जास्त जखमी झाले. त्या दिवशी दान मागायला जमलेली लेकरं त्यात होती. आमच्याकडे तेव्हा क्षमावाणीचे दिवस चालले होते.

राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं नऊ जणांना पकडलं. सगळे मुसलमान, बहुतेक मालेगावचेच. त्यांत हकिमी शिकलेले डॉक्टर होते. एक जण स्फोटाच्या आधीपासूनच मुंबईत पोलिसांच्या कोठडीत होता. त्यानं कोठडीत असताना कट कसा तडीस नेला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आणि एक होता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नमाज पढवणारा. मालेगावपासून चारशे किलोमीटरच्या पुढे. स्फोटाच्या दिवशी तो आमच्या मशिदीत आमच्यापुढे उभा होता, असं तिथले गावकरी सांगत होते. अख्ख्या गावाची ही ओळख पाच वर्षं कुणाच्या उपयोगी पडली नाही.

कारण कागद भक्कम होता. 1872च्या पुरावा कायद्यानुसार पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. इंग्रजांनीच हे ठरवलं, कारण आपल्या पोलिसांची कबुली मिळवायची रीत त्यांना माहीत होती. पण टाडानं, मग मोक्कानं, मग पोटानं ही अट सैल केली. वरच्या हुद्द्याच्या पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालू लागली. मालेगावचा खटला मोक्काखाली होता. कबुल्या होत्या, एक माफीचा साक्षीदारही होता. तो पुढे म्हणाला की माझ्याकडून हे वदवून घेतलं. आरोपी न्यायाधीशांसमोर गेल्यावर कबुल्या नाकारत होते. म्हणजे टिळकांसारखंच, हे आमचे शब्द नव्हेत. सीबीआयकडे तपास गेला, तिनंही आधीचंच चित्र कायम ठेवलं.

2010च्या डिसेंबरात स्वामी असीमानंदांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या जबाबात दुसऱ्याच लोकांची नावं आली. (तो जबाब त्यांनीही नंतर फिरवला. या सगळ्या प्रकरणात जबाब देणं आणि फिरवणं याशिवाय दुसरं काही घडत नाही असं वाटू लागतं.) तपास एनआयएकडे गेला. नोव्हेंबर 2011मध्ये नऊ जणांना जामीन मिळाला आणि सात जण घरी आले. उरलेले दोघे आत राहिले, कारण त्यांच्यावर मुंबईच्या लोकल स्फोटांचाही खटला होता. 2013 साली एनआयएनं वेगळ्याच चार जणांवर आरोपपत्र ठेवलं, ते हिंदू होते. शेवटी 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयानं पहिल्या नऊ जणांना आरोपातून मुक्त केलं. नऊ म्हणायचं, पण एक जण आदल्या वर्षी अपघातात गेला होता. त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं न्यायाधीशांनी लिहिलं. दोनच दिवस आधी गणेश विसर्जन झालं होतं. दंगल घडवायची असती तर बाँब तिथे ठेवले असते, आपल्याच सणाला आपल्याच मशिदीत कशाला ठेवतील, असा साधा प्रश्नही निकालात आहे. हा प्रश्न मालेगावच्या बायका पहिल्या दिवसापासून विचारत होत्या.

उरलेल्या दोघांपैकी एकाला लोकल स्फोटांच्या खटल्यात 2015 साली फाशी आणि दुसऱ्याला जन्मठेप झाली होती. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तिथेही मुद्दा कबुल्यांचाच, आणि ओळखपरेडीचा. सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत धाडलं नाही. एकोणीस वर्षं. फाशीच्या कोठडीत दहा.

त्यानंतर दहाच दिवसांनी, 31 जुलैला, मालेगावच्या 2008च्या स्फोटाचा निकाल लागला. भिक्कू चौक, सहा मृत. तिथे आरोपी हिंदू होते, साध्वी प्रज्ञा, कर्नल पुरोहित आणि इतर. सातही जण निर्दोष सुटले. त्यांचीही तक्रार तीच होती, की मारहाण झाली, पुरावा रचला. आमच्या मंडळात त्या आठवड्यात मोठी वादावादी झाली. पहिल्या निकालानं ज्यांचा संताप झाला ते दुसऱ्या निकालानं खूश, आणि उलटही. माझं म्हणणं एवढंच होतं की तागडी एकच ठेवा. पुरोहितांच्या घरच्यांनी काढलेली वर्षं खरी मानायची तर त्या इमामाच्या घरच्यांचीही मानावी लागतात. एक बाई म्हणाल्या, "अहो, मग मारलं कुणी?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मालेगावच्या कब्रस्तानात ज्यांची लेकरं आहेत त्यांच्याकडेही नाही. कूटलेखाचा हा दुसरा तोटा. चुकीचं नाव लिहिलं गेलं की खरं नाव लिहायची जागा भरून जाते.

सुटलेल्यांचं पुढे काय, हे मी विचारत फिरले. घरात नात्यातला एक वकील आहे, त्याला त्रास दिला. 2018च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगानं 277वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना सरकारनं भरपाई द्यावी, त्यासाठी वेगळा कायदा करावा, असं त्यात सुचवलं आहे. तसा कायदा झालेला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम होतं, 358. विनाकारण अटक झाली असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर अटक झालेल्याला भरपाई द्यायची. नव्या संहितेतही ते आलं आहे, नंबर तेवढा बदलला, 399. रक्कम तीच: जास्तीत जास्त 1000 रुपये. आणि तीही सरकारनं नव्हे, ज्यानं अटक करवली त्या माणसानं द्यायची. म्हणजे मोहदच्या कागदाप्रमाणे त्या छत्र्या बसवणाऱ्यानं!

हजार रुपयांचा हिशेब मी गृहिणीच्या सवयीनं करून पाहिला. मोहदहून बुऱ्हाणपूरपर्यंतचं जीपचं जाण्यायेण्याचं भाडं, मुन्शीचा चहा, एखादी झेरॉक्स, आणि बुडालेला रोज. वकिलाची फी धरलीच नाही. चौथ्या पेशीला पैसे संपतात.